चकचकीत गॅलन

वजनमापे कार्यालयात एक लोखंडी कपाट होतं आणि त्याला दोन कुलपं होती. एका कुलपाची किल्ली साहेबांकडे असावी आणि दुसऱ्याची मापकाकडे, असा नियम होता. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलत आणि जाताना आपली किल्ली टेबलाच्या खणात टाकून जात. त्यामुळे दोन्ही किल्ल्या वर्षानुवर्षं मापकाच्याच खिशात खुळखुळत होत्या. नियमही शाबूत होता आणि कामही अडत नव्हतं. सरकारी कचेरीत याहून समाधानाची परिस्थिती सहसा आढळत नाही.

कपाटात पितळेचा एक गॅलन होता. गावातल्या झाडून सगळ्या गॅलनांचा हा बाप. तेलवाले, सिरकेवाले, रंगवाले, सगळ्यांची मापं वर्षातून एकदा याच्याशी ताडून पाहिली जात. रीत सोपी होती. या प्रमाण मापातलं पाणी व्यापाऱ्याच्या मापात ओतायचं. काठोकाठ मावलं तर व्यापारी सज्जन. बाहेर सांडलं तर व्यापाऱ्याचं माप लहान, म्हणजे माणूस लबाड. माणसाची पारख इतक्या लवकर आणि इतक्या कमी पाण्यात दुसरीकडे कुठे होत नसेल.

हे काम करणाऱ्या मापकाला बाजार थेंबअण्णा म्हणायचा. एका सिरकेवाल्याचं माप तपासताना त्यांनी ते उलटं धरलं होतं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत रांग ताटकळत ठेवली होती, तेव्हापासूनचं हे नाव. अण्णांना ते माहीत होतं. आपल्याला लोक नावं ठेवतात यापेक्षा नाव बरोबर ठेवतात याचंच त्यांना बरं वाटे. घरी बायको म्हणायची, “लोकांना नोकरी लागते. यांना तिची लागण झाली आहे.”

बायकोचा खरा राग त्या गॅलनावर होता. त्याला ती उघडपणे सवत म्हणे. कारण दर शनिवारी दुपारी, कचेरी सामसूम झाली की, अण्णा कपाट उघडत, गॅलन मांडीवर घेत आणि विटेच्या बारीक भुग्याने, ओल्या फडक्याने तो घासत. बाहेरून थोडा आणि आतून भरपूर. बाहेरचा भाग नुसता लोकांना दिसतो, आतल्या भागात कायदा असतो, असं त्यांचं म्हणणं. फक्त काठाला ते फडकं लावत नसत, काठ पवित्र. मुख्य कार्यालयाकडून मधूनमधून विचारणा यायची, की प्रमाण माप फेरतपासणीला पाठवायचं राहिलं आहे, ते केव्हा पाठवता? गॅलन गाडीने पाठवायचा, तर वाटेत हमाल तो आपटणार, याची अण्णांना खात्री होती. ते उत्तर पाठवत की माप उत्तम स्थितीत असून आरशासारखं लख्ख आहे. मुख्य कार्यालयाचं समाधान होई. लख्ख वस्तूवर शंका घ्यायची तिथेही पद्धत नव्हती.

आणि मग लिटर आला.

वरून हुकूम निघाला की पुढच्या महिन्यापासून गॅलन बंद, सगळा व्यवहार लिटरमध्ये. एक गॅलन म्हणजे चार लिटर आणि वर पाचशे सेहेचाळीस मिलिलिटर. बाजारात हा आकडा ऐकून लोकांनी कपाळाला हात लावला. “चार म्हणा, पाच म्हणा. हे पाचशे सेहेचाळीस काय मधेच?” असं एका तेलवाल्याने अण्णांना विचारलं होतं, जणू ती संख्या अण्णांनीच घरी बसून काढली होती. लोकांच्या मनात धास्ती एकच होती की या बदलात कोणीतरी आपल्याला गंडवणार. ती घालवायला हुकुमात एक कलम होतं. प्रत्येक व्यापाऱ्याने आपला जुना गॅलन शेवटचा तपासून घ्यायचा. बरोबर निघाला तर तो तिथेच फोडून टाकायचा आणि व्यापाऱ्याला शिक्क्याचा नवा लिटर द्यायचा. कमी निघाला तर त्यावर फुली मारून तो फोडायचा आणि परवाना रद्द. जाता जाता लबाडांना चाळून काढायचं, असा सरकारचा हिशेब.

याच कलमाने अण्णांची झोप उडवली होती.

अण्णांची लेक त्याच बाजारात तेलाच्या दुकानात दिली होती. जावई घाऊक तेल घेऊन बाहेरगावी फिरायचा आणि दुकान विहीणबाई चालवायच्या. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी गल्ला सुनेच्या हाती दिला आणि परवानाही तिच्याच नावावर केला. स्वतः मात्र खुर्ची टाकून दाराशी बसत, कारण त्यांच्या मते गुडघे गेले तरी डोळे आणि जीभ कामाला येत होती. त्यातच त्यांचा जुना गॅलन एका हातगाडीखाली येऊन चेपला. जावयाने मोठ्या शहरातल्या कारखान्यातून नवा आणला, कारखान्याच्या शिक्क्यासकट.

आणि तेव्हापासून बाजारात कुजबुज सुरू झाली की तिथे तेल कमी मिळतं.

कुजबुजीचा उगम समोरच्या तेलवाल्याकडे होता. तो भला माणूस होता, फक्त शेजारधर्म त्याला झेपत नसे. “मी काही म्हणत नाही,” तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, “तुम्हीच बघा. आमच्याकडे गॅलनभर घेतलं की बाटली गळ्यापर्यंत भरते. तिकडे घेतलं की खांद्यापर्यंत. आता बाटली तर तीच ना?” लोकांनी बघितलं. बाटली तीच होती, आणि तेल खरंच खांद्यापर्यंतच येत होतं.

अण्णांच्या कानावर हे आलं होतं. लेकीला विचारावं, तर बापाने संशय घेतल्यासारखं होणार. न विचारावं, तर संशय पोटात तसाच राहणार. त्यांनी न विचारण्याचं ठरवलं आणि लेकीच्या घरी जाणंच कमी केलं. लेकीने याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

तपासणीच्या दिवशी बाजाराच्या मागच्या फरसबंद अंगणात टेबल मांडलं. अण्णांनी टेबलाच्या पायाखाली पत्र्याच्या चिपा घालून ते पाणसळीत आणलं, बादल्या भरून घेतल्या, पाणी स्थिर होऊ दिलं. एका बाजूला लाकडी ठोकळ्यावर घण घेऊन घणवाला उभा. दुसऱ्या बाजूला नवे साहेब. ते महिन्यापूर्वीच बदलून आले होते, अंगाने बारीक, स्वभावाने सभ्य. त्यांच्या पायाशी लाखेच्या मोहरा लावून बंद केलेली पेटी होती. तीत नवा प्रमाण लिटर आणि मिलिलिटरच्या रेघा असलेली काचेची नळी. पुढच्या महिन्याच्या आत ती पेटी उघडायची नाही असा हुकूम होता.

सकाळी सगळं सुरळीत चाललं. समोरच्या तेलवाल्याचा गॅलन पहिल्या झटक्यात उतरला. अण्णांनी प्रमाण माप काठोकाठ भरलं, वरून काचेची चकती सरकवली, खाली एकही बुडबुडा नाही हे पाहिलं, आणि सगळं पाणी तेलवाल्याच्या मापात रिचवलं. काठोकाठ. तेलवाल्याने गर्दीकडे बघत मिशीवरून हात फिरवला. घण पडला, गॅलनाची चपाती झाली, आणि तो आपला नवा लिटर काखेत मारून बाजूला बघ्यांत जाऊन उभा राहिला. त्याला आता घरी जायचं नव्हतं. त्याला पुढचं बघायचं होतं.

मधे एक रंगवाला आला. टर्पेंटाइन विकणारा म्हातारा, गेल्या वर्षीच्या तपासणीनंतर दुसऱ्या गावाहून इथे आलेला. त्याच्या मापात ओतताना पाणी सांडलं. दुसऱ्यांदाही सांडलं. म्हातारा म्हणाला, “अहो, मी हे माप तिकडे तपासून घेतलंय.” अण्णा म्हणाले, “तिकडे तपासलं असेल. इथे कमी आहे.” फुलीचा ठसा बसला, घण बसला, आणि म्हातारा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत निघून गेला. लोकांना बरं वाटलं. एक तरी लबाड निघाल्याशिवाय तपासणी झाल्यासारखी वाटत नाही.

मग लेक आली. मागून विहीणबाई, एक हात काठीवर, एक सुनेच्या खांद्यावर.

अंगणातली बडबड एकदम खाली बसली. लेकीने गॅलन टेबलावर ठेवला. ती म्हणाली, “परवाना माझ्या नावावर आहे.” बाबा वगैरे म्हणाली नाही.

“भांडं साबणाने धुतलंय?” अण्णांनी विचारलं. “तेलकट राहिलं तर पाणी धरत नाही.”

“दोनदा धुतलंय.”

“मीच धुतलंय,” विहीणबाई म्हणाल्या. “म्हटलं, व्याहीबुवांनी वास घेऊन पाहिला तरी तेल सापडू नये.”

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

अण्णांनी प्रमाण गॅलन भरला. चकती सरकवली. हात नेहमीसारखेच चालत होते, फक्त कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. ते ओतू लागले. लेकीच्या मापात पाणी चढत गेलं. काठाला आलं. काठावर किंचित फुगलं. आणि प्रमाण मापात अजून पाणी होतं.

ते सांडलं तेव्हा आवाज झाला नाही, पण सगळ्यांनी ऐकला. टेबलावर एक ओघळ धावत गेला आणि कडेवरून फरशीवर पडला.

“पुन्हा,” साहेब म्हणाले.

अण्णांनी दोन्ही मापं पुसून, निथळून पुन्हा केलं. पुन्हा सांडलं. या वेळी त्यांनी खाली वाटी धरली होती. वाटीत जमलेलं पाणी त्यांनी मोठ्या चमच्याने मोजलं. तीन चमचे, थोडे जास्तच. लहानसहान चूक चालवून घ्यायची जी सूट होती, ती एका चमच्याची होती.

“बघा,” समोरचा तेलवाला शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, पण अंगणभर ऐकू जाईल अशा बेताने, “मी काही म्हणत नव्हतो.”

लेक बापाकडे बघत होती. रडवेली नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि हनुवटी वर होती, लहानपणी खोटं बोलल्याचा आळ आला की व्हायची तशी. तेव्हाही अण्णांना कळायचं नाही, ती खरी आहे म्हणून हनुवटी वर आहे की पकडली गेली म्हणून.

“मी एका थेंबाने कमी दिलेलं नाही,” ती म्हणाली. “काठोकाठ भरून देते. लोकांसमोर देते.”

“काठोकाठ देत असशील,” अण्णा म्हणाले. “काठच खाली असेल तर?”

हे बोलून झाल्यावर त्यांनाच ते कसंसं वाटलं. पण बोललं गेलं होतं. त्यांनी फुलीचा ठसा उचलला.

“थांबा,” विहीणबाई म्हणाल्या. काठी त्यांनी टेबलावर आडवी ठेवली, अशी की ठसा खाली यायला जागाच राहू नये. “तुमच्या भांड्याने माझी सून चोर ठरली. ठीक. पण हा गॅलन कारखान्याचा आहे आणि तुमचा तो तुमच्या आजोबांच्या वेळचा. दोघं भांडले तर तिसऱ्याला विचारायचं असतं. त्या पेटीत तिसरा बसलाय ना?”

“ती पेटी उघडता येत नाही,” साहेब म्हणाले. “हुकूम आहे.”

“हुकूम असणारच हो. सोयीच्या वेळी असतोच.”

साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. सगळं अंगणच अण्णांकडे बघत होतं, आणि त्या बघण्यातला भाव स्पष्ट होता. आता थेंबअण्णा काय करतात बघू. ठसा मारला तर लेक बाजारात कायमची चोर, परवाना गेला, दुकान गेलं. नाही मारला तर लेकीसाठी नियम वाकवला, आणि मग ती आणखी पक्की चोर. दोन्हीकडून तिचंच नाव जाणार होतं.

अण्णांनी ठसा खाली ठेवला नाही, पण हात थांबला. ते म्हणाले, “कलम असं आहे, की मापाबद्दल शंका उत्पन्न झाली तर दुसऱ्या प्रमाण मापाने पडताळावं. दुसरं प्रमाण माप पेटीतच आहे. साहेब, मला शंका उत्पन्न झाली आहे.”

“आत्ता झाली का?” गर्दीतून कोणीतरी ओरडलं. “सकाळी रंगवाल्याच्या वेळी शंका कुठे चरायला गेली होती?”

साहेबांनी खाली वाकून स्वतःच्या हाताने मोहर फोडली.

लिटर नवाकोरा होता, पोलादी, बिनचमकेचा. अण्णांना तो पहिल्या भेटीतच आवडला नाही. त्यांनी तो भरला, चकती लावली, लेकीच्या मापात रिकामा केला. एक. मग दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी माप तिरपं धरून निथळायला पुरता वेळ दिला. कोणी घाई केली नाही. चार लिटर झाल्यावर माप काठाच्या बरंच खाली होतं. आता काचेची नळी. पाचशेच्या रेघेपर्यंत भरून ओतली. मग सेहेचाळीस. डोळा रेघेच्या पातळीत आणण्यासाठी अण्णा टेबलासमोर गुडघ्यांवर बसले. साठीकडे झुकलेला माणूस सगळ्या बाजारासमोर गुडघे टेकून एका नळीकडे बघतो आहे, हे दृश्य मजेशीर होतं, पण हसायचं कोणाला सुचलं नाही.

सेहेचाळीस ओतले. पाणी काठाला आलं आणि तिथेच थांबलं.

अण्णांनी चकती सरकवली. ती काठावरून लोण्यावरून सरकावी तशी गेली. खाली बुडबुडा नव्हता. बाजूने थेंब सांडला नव्हता. असं भरलेलं माप आपल्या सगळ्या नोकरीत पाहिल्याचं त्यांना आठवेना.

“काय झालं?” मागच्या लोकांनी पुढच्यांना विचारलं.

“बरोबर निघालं.”

“कुणाचं?”

हा प्रश्न मात्र खरा होता. अण्णांनी कोणाकडे न बघता आपला प्रमाण गॅलन पुढे ओढला, कोरडा केला आणि त्यात तेच करायला घेतलं. चार लिटर. पाचशे. सेहेचाळीस. चकती सरकवली. खाली चांगला बोटभर लांब बुडबुडा होता, आणि तो इकडून तिकडे आरामात फिरत होता.

अण्णांनी नळीतून आणखी थोडं पाणी घातलं. आणखी थोडं. बुडबुडा गेला तेव्हा नळीवरची रेघ सांगत होती की बावन्न मिलिलिटर जास्त गेले आहेत. तीन चमचे आणि थोडं वर.

त्यांनी गॅलन रिकामा केला आणि आत बघितलं. आतून तो लख्ख होता. तळाशी पूर्वी कारागिराने फिरवलेल्या बारीक वर्तुळांच्या रेघा असत. नोकरीला लागले तेव्हा बोटांना त्या लागायच्या. अण्णांनी हात आत घातला. तळ गुळगुळीत होता. भिंती गुळगुळीत होत्या. इतक्या शनिवारांचा विटेचा भुगा, ओलं फडकं, आणि दर वेळी फडक्यावर येणारं ते काळपट. त्याला अण्णा मळ समजत आले होते. तो मळ नव्हता. तो गॅलन होता. पितळ निघत गेलं, पोकळी वाढत गेली, आणि काठाला त्यांनी कधी हात लावला नाही म्हणून उंची तेवढी राहिली. माप आतून मोठं होत गेलं आणि बाहेरून तसंच दिसत राहिलं. आणि दरवर्षी ज्यांचं माप या वाढत्या मापापुढे किंचित कमी भरे, ते मुकाट्याने तांबटाकडे जाऊन आपलं भांडं ठोकून फुगवून आणत. अख्खा बाजार अण्णांच्या फडक्याबरोबर फुगत गेला होता. बाहेरगावाहून नवी मापं आणणारे दोघंच त्यातून सुटले होते, आणि त्या दोघांनाच आज लबाड म्हणायची पाळी आली होती.

साहेब हुशार होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते अण्णांच्या जवळ सरकले आणि कागद बघितल्यासारखं करत हळूच म्हणाले, “अण्णा, ऐका. संध्याकाळपर्यंत ही सगळी जुनी मापं चपटी होणार. तुमच्या मुलीचं पडताळलं, बरोबर आहे, शिक्का मारा. तुमचं प्रमाण माप मी उद्या मुख्य कार्यालयाला पाठवतो, तिथे ते वितळतं. निवृत्तीला तुमचं थोडंच राहिलंय. कशाला?”

यात वाईट काहीच नव्हतं. साहेब खरोखरच त्यांचं भलं बघत होते. अण्णांनी क्षणभर ते मनात भरून पाहिलं. लेकीचा परवाना राहतो. आपलं नाव राहतं. आणि उद्यापासून बाजार काय म्हणणार? बापाने पेटी उघडायला लावली, पाण्याचे काहीतरी खेळ केले आणि लेकीला सोडवलं. रंगवाल्याला बाप नव्हता, तो बुडाला. लेक चोरच राहणार, फक्त परवाना असलेली चोर. तिचं नाव आणि त्यांचं नाव ही एका भांड्यात मावणारी नव्हती. एक ओतल्याशिवाय दुसरं भरत नव्हतं.

ठसा अजून हातात होता. त्यांनी प्रमाण गॅलन उपडा केला, बुडावर ठसा टेकवला, घणवाल्याच्या हातून छोटी हातोडी मागून घेतली आणि एकच ठोका दिला. लख्ख पितळेवर फुली उमटली. जरा वाकडी.

“हे माप मोठं आहे,” ते म्हणाले. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले. “प्रमाण माप मोठं आहे. मी घासून घासून मोठं केलं. या मुलीचं माप बरोबर आहे. सकाळी रंगवाल्याचं मी कमी ठरवलं, तेही चुकीचं होतं. त्याला बोलावून आणा.”

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागे कोणीतरी फिस्कन हसलं आणि ते हसू अंगणभर पसरलं. थेंबअण्णांनी गॅलन घासून मोठा केला! लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. पण हसणाऱ्यांत समोरचा तेलवाला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू वर चढत होतं.

“थांबा, थांबा,” तो म्हणाला. “म्हणजे माझं माप मोठं होतं?”

“हो.”

“म्हणजे मी इतकी वर्षं गिऱ्हाइकाला जास्त तेल देत होतो?”

“दर गॅलनाला तीन चमचे,” अण्णा म्हणाले. अशा वेळीही त्यांना आकडा सांगितल्याशिवाय राहवलं नाही. “आणि थोडं वर.”

तेलवाला आपल्या चपट्या गॅलनाकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रामाणिक ठरला होता, नव्हे, उदार ठरला होता, आणि तो धक्का त्याला सोसवेना. “अरे, मला कोणी सांगायचं नाही का?” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. यावर गर्दीत जो हशा पिकला त्यात साहेबही सामील झाले.

रंगवाल्याला कोणीतरी वाटेत गाठून आणलं. अण्णांनी त्याची माफी मागितली. पण त्याचा गॅलन चपाती होऊन पडलेला, त्यात काय ओतून दाखवणार? साहेबांनी अण्णांच्या शब्दावर परवाना ठेवला. म्हाताऱ्याने नवा लिटर घेतला, चपटं माप उचलून काखोटीला मारलं आणि म्हणाला, “याचा उपयोग काय विचारू नका. माझं आहे म्हणून नेतोय.”

लेक अजून तिथेच उभी होती. शिक्का मारलेला लिटर तिने घेतला. अण्णांना वाटलं, आता ती काही बोलेल. ती म्हणाली, “त्या दिवसांत तुम्ही घरी येणं कमी केलंत.”

“हो.”

“विचारायचं तरी.”

“विचारायला हवं होतं,” अण्णा म्हणाले.

विहीणबाईंनी टेबलावरची काठी उचलली. “व्याहीबुवा, संध्याकाळी जेवायला या. आणि विहीणबाईंना घेऊन या. त्यांची सवत गेली, त्यांना एकट्याने कसं करमेल!”

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण बाजार कुठे संपवू देतो? पुढच्या महिन्यात लिटर सुरू झाला तेव्हा दोन्ही दुकानांत एकाच शिक्क्याचं माप होतं आणि बाटली दोन्हीकडे सारखीच भरत होती. तरी समोरच्या तेलवाल्याने आठवडाभरात धक्क्यातून सावरून दारावर पाटी लावली. ‘वर्षानुवर्षे जास्त देणारे एकमेव दुकान.’ पाटी खरी होती. कायद्याने काही करता येण्यासारखं नव्हतं. अण्णांनी ती दोनदा वाचून पाहिली आणि कुठेच खोट सापडेना तेव्हा पुढे निघून गेले. त्यांना मुख्य कार्यालयाने खुलासा विचारला होता, आणि तो कसा लिहावा या विचारात ते होते.

लेकीच्या दुकानात एक बाई तेल घ्यायला आल्या. बाटली पुढे करत म्हणाल्या, “तुमच्याकडे आधी कमी मिळायचं म्हणे.”

“कमी नव्हतं हो,” लेक म्हणाली. “बरोबर होतं. सगळ्यांसमोर सिद्ध झालंय.”

“तेच ते,” बाई म्हणाल्या. “भरा.”